आधी विचारून घे

प्रिय मुली,

प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

तू आपल्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, आरोग्य प्रकल्पावर रुजू होणार हे कळलं आणि मन भरून आलं. सोबत कोणती औषधं न्यावीत आणि पहिल्या महिन्यात किती शिबिरं घ्यावीत, असं तू विचारलं आहेस. औषधांची यादी तुला तिथले डॉक्टर देतील. शिबिरांची घाई मात्र करू नकोस. सुरुवातीचे काही आठवडे वस्तीत नुसती हिंड. पाणी कुठून आणतात, त्यात दिवसाचा किती वेळ जातो, बाळंतपणाला कोण धावून येतं, मूल तापलं की आधी कुणाकडे नेतात, कोणत्या आजारपणात घर कर्जात बुडालं, आणि कोणत्या घरातल्या बायका बैठकीला कधीच येत नाहीत, हे समजून घे. शेवटचा प्रश्न विसरू नकोस. ज्यांच्यासाठी आपण जातो तीच माणसं बहुतेक वेळा बैठकीत नसतात.

बायबलमधला यरीहोच्या वाटेवरचा बार्तिमय तुला लहानपणापासून माहीत आहे. आंधळा माणूस, रस्त्याकडेला भीक मागत बसलेला. त्याला काय हवं असणार हे कुणीही सांगितलं असतं. तरी येशूने त्याला जवळ बोलावलं आणि मी तुझ्यासाठी काय करावं, असं विचारलं. लोक त्याला दटावून गप्प बसवत होते. प्रभू त्याच्या तोंडून ऐकायला थांबला. गरीब माणसाला आयुष्यभर सूचना मिळतात, त्याचं म्हणणं विचारणारा क्वचित भेटतो. तू विचारणाऱ्यांपैकी व्हावंस अशी माझी फार इच्छा आहे.

विचारल्यावर जे उत्तर येईल ते आपल्या कामात बसेलच असं नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य १९७० मध्ये जामखेडला गेलं. दोघंही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले. त्या दुष्काळी भागात लोकांना आधी पाणी हवं होतं, अन्न हवं होतं, दवाखाना त्यानंतर. आरोळ्यांनी ते ऐकलं आणि पाण्याच्या, शेतीच्या, मुलांच्या जेवणाच्या कामात लोकांबरोबर उतरले. बोअरवेल घेताना त्या दलित वस्तीत येतील असं पाहिलं, म्हणजे साऱ्या गावाला पाण्यासाठी तिथे यावं लागलं. या गोष्टीवर मी पुष्कळ विचार केला आहे. जातीवर एकही भाषण न देता एका पंपाने केवढं काम केलं! जुलाब, कुपोषण, क्षय या आजारांची मुळं पाण्यात, ताटात आणि माणसामाणसांतल्या भिंतींत असतात, त्यामुळे "हे आरोग्याचं काम नाही" असं म्हणायची वेळ तुझ्यावर फार कमी येईल.

जामखेडचीच आणखी एक गोष्ट सांगते, कारण तुझ्या कामाचा गाभा तिथे आहे. सुरुवातीला त्यांनी शिकलेल्या नर्सेस गावांत पाठवल्या. ते जमलं नाही. मग गावातल्याच बायकांना तयार करायचं ठरलं. त्यातल्या कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हतं, अनेक जणी दलित समाजातल्या होत्या. त्या बाळंतपण शिकल्या, मुलांची वजनं घ्यायला शिकल्या, गरोदर बाईला धोका कधी आहे ते ओळखायला शिकल्या. शिकवणाऱ्यांनी शरीराच्या माहितीइतकंच महत्त्व त्यांच्या स्वतःवरच्या विश्वासाला दिलं. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, पण खरी किमया त्या बायकांची होती, आणि ते स्वतःही तसंच सांगत.

तेव्हा तुझ्या वस्तीतली ती बाई शोध. बैठकीत सगळ्यात जास्त बोलणारी घेऊ नकोस, पुढाऱ्याच्या घरातली म्हणूनही घेऊ नकोस. रात्री-अपरात्री शेजारच्या बायका जिचं दार वाजवतात ती घे. निवड मात्र वस्तीलाच करू दे, तू फक्त विचारत राहा. आणि तिला सगळं शिकव, हातचं राखू नकोस. जुलाबाच्या मुलासाठी ओआरएसचं पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त झालं तर धोका, म्हणून हे तिच्या हातून तुझ्यासमोर पुन्हापुन्हा करून घे. खोकणाऱ्या मुलाचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचे: २ महिन्यांपासून वर्षाच्या आतल्या बाळाचे ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त असतील तर न्यूमोनियाची शंका धरायची. ६ महिन्यांपासून ५ वर्षांपर्यंतच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली असेल तर कुपोषण तीव्र आहे, त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचं. यातल्या कशालाही पदवी लागत नाही.

कुणी म्हणेल, अडाणी बाईच्या हातात जीव कसे द्यायचे? त्याला १९७१ मधलं पश्चिम बंगालातलं बनगाव सांग. बांगलादेशच्या मुक्तियुद्धातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला होता. सलाइन संपत आलं तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि खायचा सोडा घातलेलं पाणी तयार ठेवलं आणि ते रोग्यांना पाजायचं काम त्यांच्या नातेवाइकांकडे दिलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं.

आपल्या मंडळींनाही हे उशिराच उमगलं. मिशन दवाखान्यांनी लाखो जीव वाचवले, त्यांचं ऋण मोठं आहे. पण बहुतेक पैसा आणि माणसं दवाखान्याच्या भिंतींच्या आत खर्च होत होती आणि टाळता येण्याजोगे आजार घेऊन तेच रोगी परत येत होते. जागतिक चर्च परिषदेने १९६८ मध्ये ख्रिस्ती वैद्यकीय आयोग स्थापला, तो याच प्रश्नाला भिडला. दहा वर्षांनी, १९७८ मध्ये, अल्मा-आटा इथल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेच्या जाहीरनाम्यात जगभरच्या देशांनी प्राथमिक आरोग्यसेवेची भाषा स्वीकारली. तिच्यामागे जामखेडसारख्या कामांचाही अनुभव होता.

आता तू शेवटी घाबरत लिहिलेला प्रश्न. सेवा करताना सुवार्ता सांगायची की नाही?

माझं मत स्पष्ट आहे. ज्याच्या हातात तुझ्या औषधाची पुडी आहे त्याच्यापुढे धर्माचा विषय तू काढू नकोस. तो तुला नाही म्हणू शकत नाही. आजारी मुलाची आई तर कशालाही हो म्हणेल, आणि असा होकार घेणं हा तिच्यावर अन्याय आहे. प्रभूने दहा कुष्ठरोग्यांना बरं केलं, आभार मानायला एकच परतला, तोही शोमरोनी, म्हणजे यहुदी ज्यांना परके मानत त्या समाजातला. उरलेल्या नऊ जणांचं बरेपण प्रभूने काढून घेतलं नाही. १९९४ मध्ये रेडक्रॉस आणि मदत संस्थांनी मिळून जी आचारसंहिता केली तिच्यातही मदतीचा उपयोग धर्माचं किंवा राजकारणाचं मत पुढे रेटायला करायचा नाही, असं आहे. देशाचा कायदाही नीट वाचून घे. कुणी आपणहून विचारलं, तू का आलीस, तर खरं ते साध्या शब्दांत सांग, लपवू नकोस. रोग्यांसाठी तुझ्या खोलीत रोज नाव घेऊन प्रार्थना कर. त्यांच्याजवळ बसून प्रार्थना त्यांनी मागितली तरच.

अवघड प्रश्न बहुधा आपल्याच माणसांकडून येतील. इतका खर्च झाला, मंडळीत किती आले, असं कुणी विचारेल. रागावू नकोस. यंदा किती बायका बाळंतपणात वाचल्या, किती मुलांचं वजन वाढलं, ते वहीतून वाचून दाखव. देणगीदारांनी उघड्यावागड्या मुलांचे फोटो मागितले तर देऊ नकोस. तुझ्या भाच्याचा जसा फोटो तू दिला असतास तसाच दे.

उपचारानंतर माणूस कुठे जातो याकडेही लक्ष ठेव. डॉ. पॉल ब्रँड वेल्लोरला कुष्ठरोग्यांच्या वाकड्या बोटांवर शस्त्रक्रिया करत. हात सरळ झाले तरी पोटाचा प्रश्न उरत होता, म्हणून तिथे रोग्यांना सुतारकामासारखे व्यवसाय शिकवायला सुरुवात झाली. बधिर पायांना जखमा होऊ नयेत म्हणून खास चपला करण्यापर्यंत ते काम गेलं. क्षयाच्या रोग्याचं तसंच आहे. सहा महिने गोळ्या घेताना त्याची मजुरी बुडणार असेल तर गोळ्या सुटतात, आणि दोष मात्र त्याच्या माथी येतो. तू दोष देण्याआधी त्याच्या घरी जाऊन ये.

आठवड्यातून एक दिवस विश्रांती घे, न चुकता. जेव वेळेवर.

आणि एक वही कर. तिच्यात फक्त लोक काय म्हणाले ते लिही, त्यांच्याच शब्दांत, तुझं मत न मिसळता. पुढच्या पत्रात तिच्यातली दोन-चार पानं मला उतरवून पाठव. वस्तीने कोणती बाई सुचवली आणि ती स्वतः काय म्हणाली, तेही कळव.

तुझी,
मावशी