स्वयंपाकघर हलवायचं तर आधी नाली आखा

प्रश्न : आर्वी तालुक्यातल्या (जि. वर्धा) एका गावात आमचं सासऱ्यांनी बांधलेलं घर आहे. विटामातीच्या जाड भिंती, वर कवेलू (कौलं). दार उत्तरेला, ओसरी, माजघर आणि त्यामागं सयपाकाची 8 बाय 9 ची अंधारी खोली. खिडकी नाही, दोघी जावा एका वेळी उभ्या राहू शकत नाही. तिच्या मागं, दक्षिणेला, घराला लागूनच 30 फूट लांब, 10 फूट रुंद गोठा. बैलजोडी विकल्यापासून तो रिकामा आहे. मिस्त्री म्हणतात, माजघराची मधली भिंत काढा, कमी खर्चात मोठी खोली होते. धाकटे दीर म्हणतात, गोठ्यात करा, पण बोअर आहे त्या पश्चिमेच्या टोकाला. सासूबाईंना आग्नेयच पाहिजे. सांदवाडीतलं (घरामागच्या मोकळ्या जागेतलं) पावसाचं पाणी पूर्वेच्या कोपऱ्यातून गल्लीच्या नालीत जातं. दिवाळीनंतर काम काढायचं आहे. काय करावं?

उत्तर : ताई, पाणी पूर्वेच्या कोपऱ्यातून वाहून जातं हे तुम्ही जाता जाता लिहिलंत, पण तुमच्या प्रश्नाचा निकाल त्यातच आहे. स्वयंपाकघर गोठ्याच्या पूर्वेच्या टोकाला करा. बोअरचं पाणी दाबानं येतं, त्याचा पाइप 30 फूट काय, 60 फूटही नेता येतो. खरकटं पाणी मात्र उताराशिवाय हलत नाही. पश्चिमेला ओटा बांधलात तर ते सगळं पाणी घराच्या पायाजवळून उलट न्यावं लागेल, आणि आपल्या काळ्या जमिनीत त्यासारखं घातक दुसरं काही नाही. ही माती पाणी प्याली की फुगते, उन्हाळ्यात वाळली की आकसते. मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात ना, तीच माती तुमच्या भिंतीखाली आहे. मोरीचं पाणी एका कोपऱ्यात रोज मुरत राहिलं की तो कोपरा वर उचलला जातो, बाकी घर जागेवर राहतं आणि भिंत तिरपी चिरते. आमच्या दारव्ह्याकडं अशा चिरा मी लहानपणापासून पाहत आले आहे. लोक त्यात सिमेंट भरतात आणि पुढच्या पावसाळ्यात चीर परत उघडते.

सासूबाईंचं म्हणणं हवापाण्याच्या हिशेबानंही बरोबर आहे. आपल्याकडं उन्हाळ्यात पारा 45 च्या पुढं जातो आणि दुपारचं ऊन पश्चिमेच्या भिंतीवर तापतं. संध्याकाळचा स्वयंपाक त्या भिंतीशी उभं राहून करून पाहा. शिवाय उन्हाळ्यातला आणि पावसाळ्यातला वारा बहुतेक पश्चिमेचा, म्हणजे चूल त्या टोकाला असली तर धूर घराकडं ढकलला जाणार. पूर्वेला सकाळचा उजेड मिळतो आणि धूर बाहेरच्या बाहेर जातो.

मधली भिंत काढायचा विचार सोडून द्या. माजघरात उभं राहून वर बघा. मयालीची (छपराच्या आडव्या लाकडांची) टोकं त्या भिंतीवर टेकलेली असतील, तर कवेलूंचं सगळं ओझं तिच्यावर आहे. मातीची जुनी भिंत भार झेलायला पक्की असते, पण मधूनच काढली की वरचं सगळं खाली येतं. नव्या स्वयंपाकघरात जायला जुन्या खोलीच्या मागच्या भिंतीत दरवाजा लागेल, तेवढाच पाडा. साडेतीन फूट पुरे. आधी वरच्या लाकडांना टेकू द्या, मग लिंटल, म्हणजे दारावरची आडवी तुळई टाका. तो दोन्ही बाजूंना किमान 9 इंच भिंतीत गेला पाहिजे, मातीच्या भिंतीत त्याहून जास्त. जुनी खोली कोठी म्हणून वापरा. तुरीचे डबे आणि पापड-कुरड्यांना अंधारी, थंड जागा बरीच.

आता गोठ्याची जमीन. इथं घाई करू नका, कारण नव्या स्वयंपाकघराचं आयुष्य यावरच ठरतं. वर्षानुवर्षं जनावरांचं मूत मुरलेल्या मातीत खार असतो. तिच्यावर तशीच फरशी टाकली की तो ओलीबरोबर भिंतीत चढतो, पांढरा लोणा फुटतो आणि प्लास्टर पिठासारखं गळतं. वरची दीड-दोन फूट माती खणून काढा. फेकू मात्र नका, शेतात टाका, ती सोन्यासारखी माती आहे. खड्ड्यात मुरूम सहा-सहा इंचांच्या थरानं, पाणी मारून धुमसानं कुटत भरा. नव्या भिंतींचा पाया काळी माती संपून मुरूम लागेपर्यंत न्या. सहा फुटांवरही मुरूम लागला नाही तर तिथंच थांबा आणि इंजिनिअरला बोलवा. अशा जमिनीत खाली फुगीर केलेले पाइल (जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब) घेतात, ते मिस्त्रीच्या अंदाजावर सोडायचं काम नाही. जोत्यावर ओल अडवणारा सिमेंटचा थर विसरू नका.

नवी भिंत जुन्या भिंतीत गुंतवू नका. जुनं घर कधीच बसून स्थिर झालं आहे, नवा पाया अजून हलणार. दोघांच्या मध्ये इंचभर फट ठेवा, नव्या छपराचा भार नव्या खांबांवर घ्या आणि फटीवर वरून टिनाची पट्टी मारा. स्वयंपाकघराभोवती बाहेरून 3 फूट रुंद कोबा करा, उतार बाहेरच्या बाजूला. सिंकचा पाइप 75 मिलिमीटरचा घ्या, दर 4 फुटांना एक इंच उतार द्या आणि भिंतीबाहेर झाकणाचा चेंबर करा, म्हणजे अडकलेला भात-भाजी हातानं काढता येते. शोषखड्डा काळ्या मातीत चालत नाही, पावसाळ्यात तुंबतो. पाणी नालीला जोडा. थोडं केळीला, धोप्याला (अळूला) सोडायचं असेल तर भिंतीपासून 15 फूट लांब.

जागा 14 बाय 10 ठेवा, पण सगळीकडं ओटा बांधत सुटू नका. मोठं स्वयंपाकघर म्हणजे लांब ओटा, असं मिस्त्री लोकांच्या डोक्यात शहरातल्या फ्लॅटमुळं बसलं आहे. तुमच्याकडं भाकरी थापायला, तूर निवडायला, उन्हाळ्यात सरगुंडे-कुरड्या करायला बायका खाली बसतात. पूर्वेच्या खिडकीखाली 7 बाय 6 फूट जमीन पूर्ण मोकळी सोडा, तिथं शहाबादी फरशी घाला. गुळगुळीत टाइल ओल्या पायाला घसरते आणि सासूबाईंच्या वयात पडणं परवडत नाही. ओट्याची उंची मिस्त्रीच्या टेपवर ठरवू नका. दोघी जावांपैकी जी जास्त वेळ उभी राहते तिनं कोपर वाकवावं, त्याखाली 4 इंचांवर ओटा. शेगडीची स्वतःची उंची असते म्हणून तेवढा भाग आणखी 4 इंच खाली घ्या. खणायच्या आधी गोठ्यात चुन्याच्या फक्कीनं ओटा, सिंक, दार सगळं खऱ्या मापात आखा आणि दोघी त्यात वावरून बघा. तुमच्या दोघींचं समाधान झाल्याशिवाय कुदळ लागू देऊ नका.

चूल ठेवा, पण आत नाही. पूर्वेला बाहेर टिनाची पडवी काढून तिथं चूल आणि जळणाच्या पऱ्हाट्या (कपाशीची वाळकी झाडं). गॅस हवेपेक्षा जड, गळला की जमिनीलगत साचतो. म्हणून सिलेंडरच्या बाजूला भिंतीत तळाशीही जाळी हवी आणि पेटती चूल त्या खोलीत नको. छप्पर 10 फुटांच्या खाली घेऊ नका, ठेंगणं टिन डोकं भाजून काढतं.

दिवाळीनंतर कापूस वेचणी जोरात असते, मजूर मिळणार नाहीत. खोदकाम तेव्हा घरच्या माणसांनी करावं, बांधकाम जानेवारीत. आखाजीपर्यंत (अक्षय्य तृतीयेपर्यंत) ताणू नका. त्या उन्हात तराईला (नव्या बांधकामावर मारायला) पाणी पुरत नाही आणि प्लास्टर तडकतं. काम वाढीव आहे, ग्रामपंचायतीला आधीच कळवून नमुना 8 वर (घरपट्टीच्या नोंदवहीत) नोंद करून घ्या. नवा गॅस जोडून, पाणी सोडून सगळं नीट चालेपर्यंत जुन्या खोलीतली शेगडी उचलू नका.

प्रश्न : दर्यापूर तालुक्यातून लिहितो. ओट्याचा स्लॅब टाकायचा आहे. बोअरचं पाणी खारं आहे. चालेल का?

उत्तर : नाही भाऊ. तुमच्या खारपाणपट्ट्यातलं (जमिनीखाली खारं पाणी असलेल्या भागातलं) पाणी लोखंडाच्या सळईला लागलं की ती आतून गंजते, फुगते आणि स्लॅब खालून पापुद्र्यानं सुटतो. सळई असलेल्या काँक्रीटसाठी पाण्यात क्लोराइड लिटरला 500 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, असं भारतीय मानक आयएस 456 सांगतं. पाणी तपासून घ्या. मिसळायला आणि तराईलाही नळयोजनेचं किंवा टँकरचं गोडं पाणी वापरा. ते जमत नसेल तर स्लॅब टाकूच नका. कडप्प्याच्या उभ्या फळ्या आणि वर आडवा जाड कडप्पा, असा ओटा होतो. त्यात सळईच नाही, आणि तेवढ्या चिकटवायच्या मालाला दोन बादल्या गोडं पाणी पुरतं.