कुडाळला राहून व्हायोलिन शिकणाऱ्या १२ वर्षांच्या मुलीसाठी युथ ऑर्केस्ट्रा (मुलांचा वेस्टर्न वाद्यवृंद) निवडायचा तर गोव्यातला बघावा की मुंबईतला?

मी सावंतवाडीची, माझा मुलगा चेलो वाजवतो आणि दर शनिवारी पणजीला रिहर्सलला जातो, म्हणून लिहितेय. तुम्ही गोव्यातला छोटा ग्रुप की मुंबईतला मोठ्या नावाचा असं विचारलंय, तर माझं मत गोवा. जिथे पोर आठवड्याच्या आठवड्याला पोचते तिथेच ती तयार होते. मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, त्यांची अकॅडमीपण आहे, शिकवणं वरच्या दर्जाचं आहे यात वादच नाही, पण कोकणकन्या एक्सप्रेसने रात्रभर जायचं, वाजवायचं, परत रात्रभर यायचं आणि सोमवारी शाळा, हे सातवीतल्या मुलीला दोन महिनेसुद्धा झेपणार नाही.

आता गोव्यातपण कुठला, तर कॉन्सर्ट बघून ठरवू नका प्लीज. रिहर्सलला जाऊन तासभर मागे बसा आणि सेकंड व्हायोलिनच्या, म्हणजे मुख्य चालीला साथ देणाऱ्या व्हायोलिनच्या गटाच्या, शेवटच्या स्टँडकडे बघत राहा, कारण नवीन आलेली मुलं बहुतेक तिथेच असतात. आमच्या मॅडमनी एकदा सगळ्यांना थांबवलं, त्या मागच्या दोघींना चारच बार (तालाची आवर्तनं) हळू वाजवायला सांगितले, एकीचा बो (वाजवायचा गज) वर जातोय आणि दुसरीचा खाली हे दाखवलं, पेन्सिलने नोट्सवर, म्हणजे समोरच्या स्वरलिपीच्या कागदावर, खुणा करून घेतल्या आणि मग परत सगळ्यांबरोबर वाजवलं. पाच मिनिटंपण लागली नसतील, पण त्यानंतर दोघींचे बो एकत्र चालायला लागले. जिथे मागच्यांकडे कोणी ढुंकून बघत नाही आणि सगळा वेळ पुढच्या चार हुशार मुलांवर जातो तिथे घालू नका, नाव कितीही मोठं असू दे. सेक्शनल, म्हणजे एकेका वाद्याची वेगळी रिहर्सल, होते का हेपण विचारा.

मुलीला सेकंडमध्ये बसवलं तर वाईट वाटून घेऊ नका हां. मेलडी, म्हणजे मुख्य चाल, हाताशी नसते त्यामुळे दुसऱ्यांचं ऐकून वाजवायला लागतं, रेस्ट, म्हणजे न वाजवता थांबायचे ठोके, मोजायला लागतात, कान तिथेच तयार होतो. जगप्रसिद्ध कंडक्टर (वाद्यवृंद चालवणारे) झुबिन मेहतांचे वडील मेहली मेहता स्वतः मोठे व्हायोलिनिस्ट, त्यांनी १९६४ मध्ये लॉस एंजेलिसला अमेरिकन युथ सिम्फनी सुरू केली आणि पुढे तीसेक वर्षं तरुण मुलांनाच घडवत राहिले. शिकवायची अशी ओढ असलेला कंडक्टर बघा.

नोट्सची फाइल मागून घ्या आणि तिच्या सरांना दाखवा. दोन-तीन आठवडे घरी बसून बरंचसं जमेल इतपत अवघड असावं. सगळंच वरच्या पोझिशनमध्ये, म्हणजे डावा हात वर सरकवून वाजवायचं, असेल तर मुलं नुसता बो हलवत बसतात, मग चुकीच्या सवयी लागतात. आणि ऑर्केस्ट्रा सुरू झाला म्हणून सरांचा क्लास बंद करू नका, हे फार जण करतात. तुमचं चेडू हिंदुस्थानी पद्धतीने, मांडी घालून, तारा सा-पला लावून शिकत असेल तर मात्र आधी काही महिने स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची वेस्टर्न स्वरलिपी, वाचायला आणि वेस्टर्न ट्यूनिंगवर वाजवायला शिकवा, नाहीतर पहिल्याच दिवशी बिचारी गोंधळून जाईल. त्यासाठी पणजीला कला अकादमीच्या वेस्टर्न म्युझिक विभागात चौकशी करता येईल.

पावसाळ्याचं तर तुम्हाला माहितीच आहे. दमट हवेत पेग, म्हणजे तारा ताणायच्या खुंट्या, फुगून अडकतात, बोचे केस सैल पडतात, कधीकधी सरस सुटून जॉइंट उघडतो. व्हायोलिनच्या पेटीत सिलिका जेल ठेवा, वाजवून झालं की बो ढिला करा, आणि ग्रुपमधल्या पालकांना विचारून ठेवा की व्हायोलिन रिपेअर कोणाकडे करतात.

आणि फी भरायच्या आधी वर्षाचं कॅलेंडर मागा. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागलं की गाड्यांच्या वेळा बदलतात, त्यात परतीची गाडी सापडते का बघा, आणि आपल्याकडे गणपतीत कोणी घर सोडत नाही, तेव्हा त्या दिवसांतल्या रिहर्सल बुडाल्या तर चालेल का हे आधीच स्पष्ट विचारून घ्या.