इंग्रजी ‘पंच’ला इतके अर्थ कसे? आपल्या पंचाशी त्याचं काही नातं आहे का?
आहे, पण एकाच अर्थापुरतं. मुळात हे तीन वेगळे शब्द एका उच्चारात येऊन बसलेत.

बेळगावात उद्यमबागेतल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये जाऊन बघा. बोटाएवढा पोलादी पंच पत्र्यावर टेकवायचा, वरून हातोडीचा एक टोला, की ड्रिलसाठी खूण तयार. हा शब्द फ्रेंचमधून आला, मूळ लॅटिन ‘टोचणे’. ठोसाही याच घरातला: आधी टोचणं, ढोसणं, मग मुठीचा मार. खानापूर रोडवर आपल्याला रखडवणारं पंक्चरसुद्धा त्याच लॅटिन धातूचं!

प्यायचा पंच मात्र आपल्याकडचा. दारू, साखर, लिंबू, पाणी, मसाला अशा पाच जिनसा, म्हणून ‘पाच’वरून नाव, असं बहुतेक कोश मानतात. १७व्या शतकात इंग्रजांनी तो उचलला. म्हणजे पंचनाम्यातल्या पंचाचा हा भाऊबंद. (पंचनामा कन्नडातही चालतो, त्यामुळे इथं त्यावरून तरी वाद नाही.)

लंडनला १८४१ साली निघालेलं ‘पंच’ साप्ताहिक तिसऱ्याच घरचं. पुल्चिनेल्ला या इटालियन विदूषकावरून बाहुल्यांच्या खेळातला मिस्टर पंच आला, आणि त्याच्यावरून साप्ताहिकाचं नाव.