ओ रक्तगट, कंसातलं नाव आणि दुधाचा खाडा

या वेळच्या टपालात घरातली गुपितं आणि घरातलेच दगाबाज यांच्यावर लिहिणाऱ्यांची पत्रं जास्त आहेत. दिवाळी अंकांना कथा पाठवायचे दिवस आले की हे होतंच.

प्रश्न : माझ्या लघुकादंबरीत रक्तदान शिबिरात नायिकेला कळतं की तिचा गट ओ आहे. वडील एबी, आई ओ. म्हणजे हे आपले वडील नव्हेत, आईने सगळ्यांना फसवलं, असं ती धरून चालते आणि शेवटी तेच खरं निघतं. एका डॉक्टरांनी कच्चा खर्डा वाचून ‘असं दर वेळी नसतं’ म्हणून खोडा घातला. कथा मोडीत काढू का? (वाचक, नाशिक)

उत्तर : कथा ठेवा, शेवट बदला. डॉक्टरांनी तुम्हाला आयता चांगला शेवट हातात दिला आहे.

नेहमीचा हिशेब नायिकेच्या बाजूचा आहे. एबी गटाचे वडील अपत्याला ए किंवा बी यांतलं एक देतात, ओ गटाची आई ओच देते, तेव्हा मुलं एकतर ए नाहीतर बी. पण ए आणि बी हे दोन्ही प्रतिजन, म्हणजे रक्तपेशीवरच्या गट सांगणाऱ्या खुणा, ज्याच्यावर उभे राहतात तो पाया म्हणजे एच. एच बनवणारं जनुक आई आणि वडील दोघांकडूनही निकामी आलं, तर ए-बीची जनुकं असूनही पेशीवर काहीच उमटत नाही. शिबिरात काचपट्टीवर अँटी-ए आणि अँटी-बी या गट ओळखणाऱ्या द्रवांचा एकेक थेंब टाकतात, रक्ताच्या गुठळ्या कशातच होत नाहीत आणि कार्डावर ‘ओ’ लिहिलं जातं. हा बॉम्बे रक्तगट. डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी तो १९५२ साली मुंबईत नोंदवला, म्हणून हे नाव. आपल्याकडे साधारण दहा हजारांत एकाचा असतो.

मग ही गोष्ट उघडी कशी पडते? नायिकेला रक्त द्यायची वेळ येते तेव्हा. रक्तपेढीत क्रॉसमॅचला, म्हणजे दात्याचं रक्त रुग्णाच्या रक्ताशी जुळतं का हे पाहताना, ओ गटाची एक पिशवी जुळत नाही, दुसरी जुळत नाही, तिसरीही नाही. खऱ्या ओ माणसाच्या रक्तद्रवात ओ पेशी टाकल्या तर काही होत नाही. बॉम्बे गटाच्या रक्तद्रवात मात्र त्यांच्या गुठळ्या होतात. अशा माणसाला साधं ओ रक्त चढवलं तर त्या पेशी फुटतात आणि जीवावर बेततं. तुमच्या तंत्रज्ञाला इथे दोन पानं द्या. तो पिशव्या बदलतोय, नळीवरची चिठ्ठी पुन्हा वाचतोय, आणि बाहेर बाकावर बसलेल्या आईकडे लेक अजून संशयाने बघतेय.

आता खरं गुपित. निकामी जनुक आई-वडील दोघांकडेही प्रत्येकी एक असावं लागतं, तेव्हा कुठे चारात एक शक्यता. रक्ताच्या नात्यातल्या जोडप्यात हा योग वाढतो. आते-मामेभावंडांची लग्नं आपल्याकडे उघडपणे होतात, त्यात लपवायचं काही नसतं. पण वडिलांच्या आत्याने कोणे एके काळी एक मुलगी गुपचूप परक्या घरात दत्तक दिली असेल, आणि तीच सून होऊन घरात आली असेल, तर? आई निर्दोष, आजीला मात्र सगळं ठाऊक, आणि लग्नात अक्षता टाकतानाही ती गप्प. दगा आहेच, पण नायिका पाहतेय त्या जागी नाही.

दोन चुका टाळा. रक्तगटाने पितृत्व सिद्ध होत नाही, फार तर नाकारता येतं, आणि तेही वर पाहिलंत तसं फसू शकतं. सिद्ध करायला डीएनए लागतो, आणि सकाळी नमुना दिला की संध्याकाळी कोर्टात अहवाल असं होत नाही. दुसरी चूक तुमच्या खर्ड्यातल्या काकांच्या तोंडी आहे : ‘तू आमची नव्हेस, हिस्सा विसर.’ लग्न टिकून असताना, किंवा ते संपल्यावर २८० दिवसांच्या आत आणि आईने दुसरं लग्न केलेलं नसताना जन्मलेलं मूल कायदा त्या नवऱ्याचंच धरतो. त्या काळात नवरा-बायकोचा संबंध येणंच शक्य नव्हतं हे दाखवलं तरच ते मोडतं. काकांची धमकी पोकळ आहे. वाक्य राहू द्या, पण ती पोकळ आहे हे वकिलाच्या तोंडून बाहेर येऊ द्या.

प्रश्न : निवेदकच गुन्हेगार आहे. वाचकाशी खोटं न बोलता त्याला कसं फसवायचं? (वाचक, कोल्हापूर)

उत्तर : ‘त्या रात्री मी घरीच होते’ हे खोटं आहे, ते नको. ‘रात्री नऊला मी दार लावलं. सकाळी दूधवाल्याने बेल वाजवली तेव्हा दार मीच उघडलं.’ ही दोन्ही वाक्यं खरी आहेत. मधली रात्र वाचक स्वतःच भरतो, आणि पुढे उलटं वाचत आला तरी त्याला तुमचं एकही खोटं सापडत नाही.

मराठीत याहून मोठी सोय क्रियापदात आहे. ‘मी आलो’, ‘मी आले’ म्हटलं की बाई की पुरुष ते लगेच कळतं. ‘मी दार उघडलं’, ‘मला वाटलं’, ‘मी सांगेन’ यांत कळत नाही. निवेदकाचं लिंग दडवायचं असेल तर येणं-जाणं, उठणं-बसणं टाळून पाहणं, ऐकणं, उचलणं यांवर लिहा. अख्खी कादंबरी अशी लिहिलीत तर भाषा अवघडते; एक पत्र किंवा एक प्रकरण खपून जातं. आणि तुम्ही कोल्हापूरचे, तेव्हा तुम्हाला वेगळं सांगायला नको : तुमच्याकडे बायकाही ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणतात. निनावी चिठ्ठीत ‘मी येऊन गेलो’ असेल तर पुण्यातला फौजदार पुरुष शोधत बसेल. मात्र त्या बाईला आधीच्या एखाद्या प्रकरणात, चहा देता देता, एकदा तसं बोलताना दाखवा. नाहीतर वाचक म्हणेल, हे शेवटी खिशातून काढलं.

नात्याच्या हाकांचंही तेच. एकत्र कुटुंबात दिरांचं ऐकून स्वतःच्या आईला ‘वहिनी’ म्हणणारी मुलं असायची. ‘वहिनीने मला वाढवलं’ एवढंच लिहा आणि पुढे चला.

प्रश्न : धाकट्या काकाने आत्याचं नाव जमिनीतून गायब केलं. नायिका सातबारा बघते आणि तिला सगळं कळतं. पटेल का? (वाचक, सांगोला)

उत्तर : ताज्या सातबाऱ्यावरून सगळं कळणार नाही. तिला जुना उतारा काढायला लावा. त्यावर कमी झालेल्या नावाला कंस केलेला असतो आणि जवळच वर्तुळात फेरफाराचा क्रमांक असतो. तो क्रमांक घेऊन तिने फेरफार नोंदवही, म्हणजे गाव नमुना सहा, गाठायची. वारसाची नोंद असेल तर सहा-क ही वेगळी नोंदवही. तिथे कारण लिहिलेलं सापडेल : हक्कसोडपत्र, वाटणी, नाहीतर ‘मयताला इतर वारस नाहीत’ असा जबाब. हा तिसरा प्रकार तुमच्या कामाचा, कारण जबाबाखाली पंचांच्या सह्या असतात आणि त्यांतली एक सही नायिकेच्या स्वतःच्या वडिलांची निघू शकते. हक्कसोडपत्र निवडलंत तर ते नोंदणीकृत हवं. घरी कागदावर अंगठा घेतला आणि काम झालं, असं दाखवू नका. कथा शंभर वर्षं मागे जात असेल तर कागद मोडी लिपीत असेल. मग वाचून देणारा माणूस लागेल, आणि तो काय गाळतो यावरही एक प्रकरण होईल.

प्रश्न : सात वर्षं बेपत्ता असलेला माणूस आपोआप मृत ठरतो ना? (वाचक, ठाणे)

उत्तर : आपोआप नाही. ज्यांना त्याची खबर लागली असती त्यांना सात वर्षं काही कळलेलं नसेल, तर प्रश्न कोर्टात आल्यावर तो मेला असं गृहीत धरता येतं. कधी मेला ते मात्र गृहीत धरलं जात नाही, ती तारीख ज्याला हवी त्याने शाबीत करायची. विम्यासाठी किंवा वारसासाठी तारीख मागेपुढे ओढणारं पात्र इथे बसवा. बेपत्ता माणूस परत आला तर गृहीतक पडतं.

प्रश्न : नवरा बायकोला ‘तुला आठवत नाही, तू विसरतेस’ म्हणून वेडं ठरवतो. ती त्याला पकडते कशी? (वाचक, बडोदा)

उत्तर : छुपा कॅमेरा नको, फार झाले. नवऱ्याला मोठ्या गोष्टी बदलू देऊ नका. किल्ली, गोळ्यांची डबी, गॅसचं बटण एवढंच. आणि घरातलं आणखी कुणी त्याला दुजोरा देत असलं पाहिजे, एकट्याच्या शब्दावर बायको स्वतःवर संशय घेत नाही. सासू असेल तर उत्तम, तीही फसलेली. पकडायला भिंतीवरची दिनदर्शिका पुरते. तो म्हणतो, ‘चौदा तारखेला आपण घरीच होतो, तू कुठलं लग्न म्हणतेस?’ आणि चौदाच्या चौकोनात तिच्याच अक्षरात दुधाचा खाडा आहे.