मामांना ओ गटाचं रक्त कसं चाललं?

मामांचा गट बी पॉझिटिव्ह, तरी अपघातानंतर त्यांना ओ पॉझिटिव्हच्या दोन पिशव्या लावल्या. ही चूक होती का, आणि बारावी सायन्सनंतर रक्तपेढीत काम करायचं तर काय शिकावं, असं तू विचारलं आहेस.

चूक नव्हती. ओ गटाच्या लाल पेशींवर ए किंवा बी प्रतिजन (पेशीवरच्या गट ठरवणाऱ्या खुणा) नसतात, त्यामुळे मामांच्या रक्तातली ए-विरोधी प्रतिपिंडं (परक्या खुणेवर हल्ला करणारी प्रथिनं) त्या पेशींना फोडत नाहीत. पूर्ण क्रॉसमॅचला, म्हणजे दात्याचं रक्त रुग्णाच्या रक्ताशी जुळतं का हे तपासायला, साधारण पाऊण तास जातो. रक्तस्राव तेवढा थांबत नाही. म्हणून आधी नमुना काढून ठेवायचा आणि गट कळेपर्यंत ओ द्यायचं. पुरुषाला पॉझिटिव्ह चालवून घेतात. मूल होण्याच्या वयातल्या बाईला मात्र शक्यतो ओ निगेटिव्हच, कारण पॉझिटिव्ह रक्तातल्या डी प्रतिजनाविरुद्ध प्रतिपिंडं तयार झाली तर पुढच्या गर्भाला धोका असतो.

प्लाझ्माचा, म्हणजे रक्तातल्या पेशींशिवायच्या द्रवाचा, हिशेब उलटा, कारण प्रतिपिंडं त्यातच असतात. तिथे सर्वांना चालतो तो एबी; पण एबी दाते थोडे, म्हणून अमेरिकेतल्या अनेक ट्रॉमा सेंटरांत (गंभीर जखमींच्या उपचार केंद्रांत) गट माहीत नसताना ए प्लाझ्मा देतात. त्यातली बी-विरोधी प्रतिपिंडं सहसा कमी तीव्रतेची असतात.

'ओ सगळ्यांना चालतं' हे मात्र पाठ करू नकोस. १९५२ साली मुंबईत सापडलेल्या बॉम्बे गटाच्या पेशींवर ओ पेशींवर असणारा एच प्रतिजनही नसतो, आणि अशा माणसाच्या रक्तात एच-विरोधी प्रतिपिंडं असतात. नेहमीच्या अँटी-ए, अँटी-बी सीरमने तो ओच दिसतो. रिव्हर्स ग्रुपिंगमध्ये, म्हणजे रुग्णाचा प्लाझ्मा माहीत गटाच्या पेशींशी तपासताना, ओ पेशींच्याही गुठळ्या झाल्या की संशय घ्यायचा. अशा माणसाला ओ निगेटिव्हही घातक.

खरा घात बहुतेकदा लेबलात होतो. दोन जखमी शेजारी, रक्ताच्या नमुन्याच्या नळ्या आधी भरल्या, नावं टेबलावर जाऊन लिहिली, की झालंच. लेबल खाटेपाशीच लागलं पाहिजे. चुकीचं रक्त चढलं तर शुद्धीतला रुग्ण थंडी, कंबरदुखी सांगतो. बेशुद्ध माणसात उतरलेलं बीपी आणि युरीन बॅगेतला लाल रंग हीच खूण. लगेच रक्त बंद, शीर सलाईनवर चालू, पिशवी सेटसकट रक्तपेढीकडे परत, सोबत रुग्णाचा नवा नमुना.

नियमानुसार रक्तपेढीतल्या तंत्रज्ञाला एमएलटीची (मेडिकल लॅबोरेटरी टेक्नॉलॉजी) पदवी आणि रक्त तपासणीचा ६ महिन्यांचा अनुभव, किंवा डीएमएलटी (त्याच विषयातली पदविका) आणि १ वर्षाचा अनुभव लागतो. माझं मत पदवीच्या बाजूने. डॉक्टर व्हायचं असेल तर एमबीबीएसनंतर ट्रान्सफ्युजन मेडिसिनमध्ये (रक्त देण्याच्या शास्त्रात) एमडी आहे. प्रवेशाआधी कॉलेजात एवढंच विचार: स्वतःची रक्तपेढी आहे का, आणि तिथे विद्यार्थ्यांना क्रॉसमॅच हाताने करायला देता का?