हेड गॅस्केट: जळण्याआधी बदलावं का?

प्रश्न : आमची सहा सिलिंडरची जुनी टाटा १६१३ इंदूर-धुळे फेऱ्या मारते. हेड आजवर उतरवलेलं नाही. काटा अजून लाल पट्टीत जात नाही, पण सकाळी गाडी चालू केली की चार-पाच मिनिटांत वरचा होज पाइप कडक होतो आणि आठवड्याला लिटरभर पाणी घालावं लागतं. लोहामंडीतले मिस्त्री म्हणतात, पॅकिंगचं वय झालं, जळायच्या आत बदला. बदलावं का?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : नुसतं वय झालं म्हणून चांगल्या इंजिनाचं हेड उघडू नये. गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं पॅकिंग) किलोमीटर मोजून जळत नाही. गाडी एखाद-दुसऱ्या वेळी सपाटून गरम होते, हेड केसभर वाकतं, बोल्टचा ताण कमी होतो आणि गॅस तिथून वाट काढतो. पण तुम्ही लिहिलेल्या दोन्ही खुणा अंगावर काढण्यासारख्या नाहीत. पाणी तापायच्या आतच होज कडक होतोय, म्हणजे तो दाब वाफेचा नाही. पाण्यात कुठून तरी गॅस किंवा हवा शिरते आहे.

ती कुठून, हे हेड उघडण्याआधी शोधा. रात्रभर थंड झालेल्या इंजिनावर रेडिएटरची टोपी काढा, पाणी काठोकाठ भरा आणि गाडी चालू करून पाण्याकडे बघत राहा. (गरम इंजिनाची टोपी कधीही उघडू नका.) सुरुवातीचे दोन-चार बुडबुडे अडकलेल्या हवेचे असतात, एका लयीत येतच राहिले तर गळती आहे. आता एकेका नोझलच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोटीच्या) पाइपचा नट आयडलिंगवर थोडा सैल करा, म्हणजे त्या सिलिंडरचं डिझेल तुटेल. ज्या सिलिंडरला बुडबुडे ठळक कमी होतील, तिथे संशय धरा.

इथे एक गोष्ट हमखास राहून जाते. ब्रेकच्या हवेचा कंप्रेसर पाण्यावर थंड होणारा असेल, तर त्याच्या छोट्या हेडचं पॅकिंग फुटलं तरी रेडिएटरमध्ये अगदी असेच बुडबुडे येतात. टाकीत हवा भरत असताना बुडबुडे येतात आणि दाब पूर्ण होऊन कंप्रेसर मोकळा फिरू लागला की थांबतात, असं दिसलं तर इंजिनाचं हेड उतरवू नका. दोष कंप्रेसरमध्ये आहे. तसंच चेंबरमधलं (इंजिनाच्या तळाच्या टाकीतलं) ऑइल दुधाळ दिसलं किंवा पाण्यावर तेलाचा तवंग आला, तर ऑइल कूलरही तपासा. दोष कूलरचा असेल, तर गॅस्केट नवं टाकून तो जात नाही. पाणी कमी होण्याची बाहेरची कारणं म्हणजे वॉटर पंपाखालचं भोक, होजचे क्लिप, रेडिएटरचे जोड. त्यांसाठी टोपीच्या जागी प्रेशर टेस्टर लावून पंधरा मिनिटं दाब टिकतो का ते पाहा.

गळती हेडचीच ठरली, तर काम आत्ताच काढा, हा आमचा स्पष्ट सल्ला. धुळ्याहून भरून परतताना बिजासन घाट आणि पुढे धामनोद ते मानपूरचा चढ लागतो. तिथे गाडी लहान गिअरमध्ये पूर्ण जोर लावून रखडत चढते आणि समोरून वारा जेमतेम मिळतो. अर्धवट गेलेलं गॅस्केट अशाच चढावर सुटतं आणि मग खर्च गॅस्केटवर थांबत नाही: हेडला तडा जातो, पिस्टन धरतो (जाम होतो). घरच्या मिस्त्रीकडे, सामान आधी आणून ठेवून केलेल्या कामाचा खर्च याच्या पासंगालाही पुरत नाही.

हेड पूर्ण थंड इंजिनावरच उतरवा. बोल्ट बाहेरून आत, अर्धा-अर्धा फेरा देत सैल करा. एका टोकाकडून सरळ काढत गेलात तर हेड तिथेच वाकतं. पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्या) पुठ्ठ्याला भोकं पाडून नंबरवार खोचून ठेवा, म्हणजे जो जिथला तिथेच जाईल. नोझल निघाले की डिझेलच्या सगळ्या तोंडांना टोप्या लावा आणि तांब्याचे वॉशर नवेच घ्या. हेड बिडाचं आहे, चेनकप्पीनेच उचला.

काढलेलं गॅस्केट टाकून देऊ नका, उजेडात धरून नीट पाहा. प्रत्येक सिलिंडरभोवती धातूची कडी असते. कुठे ती काळवंडून पातळ झाली आहे, कुठे दोन सिलिंडरांमधल्या अरुंद पट्टीवर काजळीची रेघ ओढल्यासारखी दिसते, कुठे पाण्याच्या भोकापर्यंत गंजाचा ओघळ आला आहे. दोष हेडच्या त्या जागी किंवा त्याच्या बरोबर खाली ब्लॉकवर असतो. जुनी गॅस्केटं अॅस्बेस्टॉसची असू शकतात, म्हणून चिकटलेले तुकडे ओले करून खरवडा. कोरडे घासू नका, हवेने उडवू नका.

ब्लॉकवर ग्राइंडरची चकती किंवा एमरी फिरवू नये. त्याची पूड तेलाच्या वाटांत जाते आणि बेअरिंग खाते. पितळी किंवा प्लास्टिकची खरवडणी वापरा आणि सिलिंडरांत कापड कोंबून ठेवा. मग हेडवर लांबीत, रुंदीत आणि दोन्ही तिरक्या दिशांनी सरळ पट्टी ठेवून खालून फीलर गेज (फट मोजायची पातळ पानं) घाला. रुंदीत ०.०५ मिमी किंवा पूर्ण लांबीत ०.१० मिमीच्या वर पान शिरत असेल, तर हेड फेसला (मशीनवर सपाट करायला) द्या. नेमकी मर्यादा तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमधली धरा. फेस मारण्याआधी लेथवाल्याकडून हेडची प्रेशर टेस्ट करून घ्या आणि दोन व्हॉल्व्हच्या सीटांमधली व नोझलच्या भोकाजवळची जागा रंग टाकून तड्यासाठी तपासा. तडा असेल तर फेस मारणं वाया. फेस मारल्यावर व्हॉल्व्ह किती खोल बसतात आणि नोझलचं टोक किती बाहेर येतं हे पुन्हा मोजावं लागतं, नाहीतर पिस्टनशी अंतर बिघडतं.

बोल्टचे आटे तारेच्या ब्रशने साफ करा, लांबी एकमेकांशी ताडून पाहा. एखादा ताणला गेला असेल तर बदला. ब्लॉकमधली बोल्टची भोकं हवेने कोरडी करायलाच हवीत: तळाशी तेल-पाणी राहिलं तर टाइट करताना दाब त्या द्रवावर येतो, पाना बरोबर आकडा दाखवतो, पण हेड दाबलंच जात नाही, आणि कधी ब्लॉकही तडकतो. आट्यांना आणि बोल्टच्या डोक्याखाली तेलाचा एखादा थेंब पुरे. गॅस्केटवर शेलॅक, ग्रीस, सिलिकॉन काहीही लावू नका, बनवणाऱ्याने तसं सांगितलं असेल तरच लावा.

आवळताना मधून बाहेर, तीन टप्प्यांत, टॉर्क पान्यानेच (आवळण्याचा जोर आकड्यात दाखवणाऱ्या). समजा शेवटचा टॉर्क १२ किग्रॅ-मीटर आहे, तर आधी ५, मग ९, मग १२. हा आकडा फक्त उदाहरणाचा आहे, तुमचा मॅन्युअलमधून घ्या. त्यानंतर टॅपेट (व्हॉल्व्हची फट) सेट करा.

प्रश्न : उन्हाळ्यात गाडी गरम होऊ नये म्हणून मिस्त्रीने थर्मोस्टॅट काढून टाकला. गॅस्केट वाचेल ना?
— एक वाचक, देवास नाका, इंदूर

उत्तर : नाही, उलट धोका वाढतो. ज्या इंजिनात थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडणारी झडप) गरम झाल्यावर बायपासची वाट बंद करतो, तिथे तो काढला की बरंचसं पाणी रेडिएटरला न जाता तसंच इंजिनात फिरत राहतं. चढावर गाडी आणखी तापते, आणि थंडीत इंजिन तापतच नाही, म्हणून डिझेल जास्त लागतं. जुना थर्मोस्टॅट गरम पाण्यात टाकून उघडतो का पाहा, उघडत नसेल तर नवा बसवा.

गॅस्केट वाचवायचं तर टोपी तपासा. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचावर आहे. इथे उघडं पाणी ९८ अंशांलाच उकळतं. टोपी ०.५ बारचा दाब धरत असेल, तर ते ११० अंशांच्या आसपास उकळेल. रबर सुकलेली टोपी दाब धरत नाही, आणि उकळलेल्या पाण्याच्या बुडबुड्यांनी हेडची नेमकी गरम जागा उघडी पडते. माळव्यातलं बोअरचं पाणी जड असल्याने आत क्षारांचा पापुद्रा धरतो, म्हणून डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात. रेडिएटरच्या जाळीत भुसा अडकला असेल तर पाणी आतून बाहेर मारा. गळती थांबवायला हळद किंवा पूड टाकू नका, ती बारीक नळ्या बुजवते.

प्रश्न : नवं गॅस्केट टाकल्यावर हेड पुन्हा आवळावं लागतं का?
— एक वाचक, महू

उत्तर : गॅस्केटच्या प्रकारावर आहे. जुन्या पद्धतीचं, पत्र्यामध्ये मऊ थर असलेलं गॅस्केट पहिल्या तापण्यात दबतं. ते ५०० ते १,००० किमीनंतर, थंड की गरम हे मॅन्युअल बघून, पुन्हा टॉर्कवर आणावं. एकेक बोल्ट थोडा सैल करून लगेच पूर्ण टॉर्कला न्या, सगळे एकदम सैल करू नका. स्टीलच्या अनेक पत्र्यांचं गॅस्केट आणि अंशांत फिरवून आवळायचे बोल्ट असतील, तर सहसा हात लावायचा नसतो. असे बोल्ट दुसऱ्यांदा वापरायचे का, हेही मॅन्युअलमध्ये पाहा. पुन्हा आवळलंत तर टॅपेटही पुन्हा सेट करावे लागतील.