रिपोर्ट आलाय ना, मग आता माझं ऐक

अगं, तुला एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस) निघाल्याचा तुझा मेसेज वाचला. एमआरआयमधले पांढरे डाग बघून रात्रभर गूगल केलं असशील, सगळेच करतात, पण ते व्हीलचेअरचे फोटो बघणं आधी बंद कर. एमएसमध्ये आपलीच इम्युनिटी मेंदूतल्या नि मणक्यातल्या नसांवरचं मायलिन नावाचं आवरण कुरतडते, वायरीचं कव्हर गेल्यावर करंट अडखळावा तसे मेसेज अडखळतात, मग कोणाला धूसर दिसतं, कोणाचा पाय जड होतो, कोणाला नुसत्या मुंग्या. दोन पेशंट सारखे नसतात, त्यामुळे शेजारणीच्या नणंदेची गोष्ट मनावर घेऊ नकोस.

खरा छळ थकव्याचा, कारण तो दिसत नाही. "चांगली तर दिसतेयस की" हे तुला इतक्यांदा ऐकावं लागेल! घरच्यांना एकदाच नीट बसवून सांग, हा आळस नाही.

आणि उन्हाळा सांभाळ. मे महिन्यात कडकडीत गरम पाण्याने आंघोळ करून आले की मला आरशात टिकली कुठे लावायची तेच दिसायचं नाही, अंग थंड झालं की परत सगळं स्वच्छ. हे उहथॉफ नावाच्या जर्मन डॉक्टरने १८९० मध्येच लिहून ठेवलंय, अशा उष्णतेने नसांचं नवीन नुकसान होत नाही, घाबरू नकोस. पण नवीन काही झालं आणि ते २४ तासांपेक्षा जास्त टिकलं तर न्यूरोलॉजिस्टला फोन कर, आणि ताप किंवा लघवीचं इन्फेक्शन नाही ना तेही बघ, कारण त्यानेही जुनी लक्षणं डोकं वर काढतात.

औषधाचं मात्र मी कडक सांगणार. १९९३ मध्ये अमेरिकेत इंटरफेरॉन नावाचं पहिलं औषध मंजूर झालं, त्याआधी एमएसचे अटॅक, म्हणजे लक्षणं अचानक उसळणं, कमी करायला मंजूर असं काही नव्हतंच, आज गोळ्या, इंजेक्शन, सलाईन सगळं आहे, महाग आहे हेही खरं. बरं वाटतंय म्हणून स्वतःच बंद करायचं नाही, अटॅक नसतानाही आतल्या आत नुकसान चालू राहू शकतं. कोणी जडीबुटीने मुळापासून बरं करतो म्हणाला तर चहा पाज आणि वाटेला लाव.

२०१६ च्या दिव्यांग कायद्यात एमएस आहे, गरज वाटली तर सर्टिफिकेटचं बघ, त्यात लाज कसली. मुंबईच्या एमएस सोसायटीलाही फोन कर, १९८५ पासून हेच काम करतायत.

पुढच्या अपॉइंटमेंटला प्रश्न कागदावर लिहून ने, तिथे गेलं की सगळं विसरायला होतं. मूल हवं असेल पुढे तर तेही आत्ताच सांग, एमएस असून बायका आई होतात, फक्त औषध त्या हिशोबाने निवडावं लागतं.